शेवटचा सायकलस्वार येईपर्यंत : कर्करोग संशोधनासाठीच्या सायकल फेरीत स्वयंसेवकाचे काम

कोजागरी पौर्णिमेला सोलापुरातून तुळजापूरला पायी निघणाऱ्या भाविकांची रांग रात्रभर तुटत नाही, आणि त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला चहाचे पातेले, केळ्यांचे घड व पाण्याचे पिंप घेऊन बसणारी मंडळीही पहाटेपर्यंत जागी असतात. वाटेवरच्या माणसाची सेवा कशी करावी, हे त्यामुळे सोलापूरकरांना शिकवावे लागत नाही. तरीही कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी निघणाऱ्या सायकल फेरीत ही सवय एकटी पुरत नाही. चालणारा माणूस वाट चुकला तर थांबून विचारतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने आलेला सायकलस्वार मात्र प्रश्न मनात येण्यापूर्वीच फाटा ओलांडून पुढे गेलेला असतो. म्हणून येथे सेवेच्या वृत्तीला मोजणीची आणि थांबण्याची शिस्त जोडावी लागते. अशा फेरीत प्रथमच काम करू इच्छिणाऱ्यांसाठी हा मजकूर लिहिला असून, उदाहरणादाखल सोलापूरहून वैरागमार्गे बार्शीला जाणारा सुमारे ७० किलोमीटरचा रस्ता समोर ठेवला आहे.

बार्शी निवडण्याला कारण आहे. माझ्या मावशीचे उपचार तेथे झाले, हे माझे खासगी कारण. पण त्याहून मोठे कारण असे की कर्करोगाचे संशोधन म्हणजे परदेशातील काचेच्या प्रयोगशाळा, ही समजूत या गावाने केव्हाच खोटी ठरवली आहे. देशातील ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांमधून रुग्णांची नोंद होऊ लागली. पुढे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांची एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, आयुष्यात एकदाच केली गेली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी ज्याची दखल घेतली ते हे काम आपल्या शेजारच्या गावांत, दारोदार जाऊन, एकेका बाईचे नाव वहीत लिहून आणि वर्षानुवर्षे तिची खबर घेऊन उभे राहिले. संशोधनाचा पैसा कशावर खर्च होतो, असे कोणी विचारले तर हेच सांगावे : गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रवासावर, नमुन्यांच्या तपासणीवर, नोंदी ठेवणाऱ्या माणसांच्या पगारावर आणि रुग्णाचा माग न सोडण्यावर.

नाव देण्यापूर्वी

स्वयंसेवक म्हणून नाव देण्याआधी आयोजकांना काही प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. निधी कोणत्या संस्थेच्या खात्यात जाणार आहे, ती धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेली आहे का, पैसा संशोधनासाठी आहे की गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी की जनजागृतीसाठी, आणि फेरीचा खर्च प्रवेशशुल्कातून भागणार आहे की देणगीतून, हे स्पष्ट झाले पाहिजे. तिन्ही कामे चांगली आहेत, परंतु ‘संशोधनासाठी’ म्हणून घेतलेला रुपया दुसरीकडे वळवला गेला तर पुढच्या वर्षी देणारा हात आखडतो. तुमच्या अंगावर त्या फेरीचे जाकीट असेल तेव्हा लोक तुमच्याच तोंडाकडे पाहून पैसे देणार आहेत, एवढे लक्षात ठेवले की हे प्रश्न उद्धट वाटत नाहीत.

परवानगीबद्दलही विचारावे. शहराची हद्द सोलापूर पोलिस आयुक्तालयाकडे आणि पुढचा रस्ता ग्रामीण पोलिसांकडे, त्यामुळे दोन्हीकडचे पत्र हवे. आपल्याला नेमून दिलेली जागा कोणत्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत येते हे आधीच माहीत असले, तर ऐन वेळी धावपळ होत नाही. निघण्याची जागा ठरवताना बाहेरून आलेले आयोजक एक चूक हमखास करतात. त्यांना होम मैदान सोयीचे वाटते, पण जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, तेथे भरलेली असते. सोलापूरकर स्वयंसेवकाने हे पहिल्या बैठकीतच सांगून टाकावे.

आपल्याला झेपेल तेच काम मागून घ्यावे. उन्हात चार तास उभे राहवत नसेल तर नोंदणीच्या टेबलावर बसावे. हिशेब नीट जमत असेल तर पावत्या सांभाळाव्यात. तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर ते अर्जात आवर्जून लिहावे, कारण सोलापुरातील कित्येक घरांत हीच भाषा पहिली असते आणि पडलेल्या, घाबरलेल्या माणसाला आपल्या भाषेतला एक शब्द औषधाइतका उपयोगी पडतो.

रस्ता आधी पाहून येणे

फेरीच्या आदल्या रविवारी, ज्या वेळेला आपण उभे राहणार आहोत त्याच वेळेला, आपली जागा पाहून यावी. नकाशावर दिसत नाही ते तेथे दिसते : वळणावर पसरलेली खडी, पांढरे पट्टे पुसलेला गतिरोधक, सकाळच्या उन्हाची थेट डोळ्यांवर येणारी तिरीप, आणि कोणत्या घरासमोरची कुत्री सायकलमागे धावतात. जवळचे गाव कोणते, किलोमीटरचा दगड कितवा, फोनला रेंज कोठे मिळते हे एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून तो खिशात ठेवावा. १०८ वर रुग्णवाहिकेसाठी फोन लावल्यावर ‘बार्शी रोडला या’ एवढ्याने भागत नाही. दगडाचा आकडा आणि गावाचे नाव सांगितले तरच गाडी थेट आपल्यापाशी येते.

हिवाळ्यातील फेरीचा सर्वांत मोठा धोका उसाच्या वाहतुकीचा असतो. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यावर सतत असतो, चालकाला गाण्याच्या आवाजात मागचे ऐकू येत नाही, ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच असे नाही आणि वळण घेताना दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा आत येते. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला कधीही उभे राहू नये आणि सायकलस्वारांनाही तेथून ट्रॅक्टरला ओलांडू देऊ नये. ट्रॉलीतून गळून पडलेली उसाची कांडी सायकलच्या चाकाखाली आली की चाक घसरते. आपल्या टप्प्यातील अशी कांडी गोळा करून कडेला टाकणे हे त्या सकाळचे पहिले काम समजावे. महिला स्वयंसेवकांनी जोडीने उभे राहण्याचा आग्रह धरावा, आणि जवळच्या पेट्रोल पंपावर किंवा शाळेत स्वच्छतागृह उघडे मिळेल याची खात्री आयोजकांकडून आदल्या दिवशीच करून घ्यावी. हा विषय बैठकीत कोणी काढत नाही, म्हणून तो काढावा.

फाट्यावर उभे राहताना

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि पहिला गट त्यापूर्वीच निघालेला असतो. स्वेटर, टोपी, विजेरी, शिट्टी, स्वतःसाठी दोन लिटर पाणी, कोरडा खाऊ आणि पेन एवढे सामान बरोबर असावे. सकाळची थंडी पाहून पाण्यात कपात करू नये, कारण अकरा वाजता तेच ऊन सोसवत नाही.

उभे राहण्याची जागा फाट्यावर नसून फाट्याच्या अलीकडे असते, हे पहिल्यांदा काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. सायकलस्वाराला आपण ५०-६० मीटर आधी दिसलो पाहिजे, म्हणजे त्याला वेग कमी करायला आणि मागच्याला हात दाखवायला अवधी मिळतो. डांबराखाली उतरून साइडपट्टीवर, येणाऱ्या सायकलींकडे तोंड करून उभे राहावे, ज्या बाजूला वळायचे तो हात खांद्याच्या रेषेत पूर्ण ताणावा आणि ‘डावीकडे!’ किंवा ‘सरळ!’ असा एकच शब्द मोठ्याने म्हणावा. ‘अहो, इकडून, इकडून’ या म्हणण्याला चाकावरच्या माणसाच्या लेखी काही अर्थ नसतो. पुढे खडी असेल तर तळहात खाली करून हात हलवावा. वाहतूक थांबवण्याचा अधिकार मात्र स्वयंसेवकाला नाही, तो फक्त पोलिसांना आहे. आपण एखादी गाडी थांबवायला गेलो आणि मागची तिच्यावर आदळली, तर ज्या जिवांसाठी उभे राहिलो त्यांचाच घात होतो. वाहन येत असेल तर सायकलस्वाराला थांबवावे, वाहनाला नाही.

आता मोजणीकडे येतो, आणि येथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे असाच एक फाटा होता. यादीत ८४ क्रमांक होते, मी ८२ मोजले होते, आणि उरलेले दोघे माघारी फिरले असतील असे मनाशी ठरवून मी सव्वानऊला जागा सोडली. ते फिरले नव्हते. पंक्चरमुळे मागे राहिले होते. एक गृहस्थ आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी, दोघेही मोकळा फाटा पाहून सरळ निघून गेले आणि नऊ किलोमीटर चुकीच्या रस्त्याने जाऊन उन्हात परत आले. मुलीच्या पाठीवर पिनने लावलेल्या कागदावर तिच्या आजीचे नाव होते. घामाने त्यातली अक्षरे पसरली होती. तिने मला काही म्हटले नाही, उलट पाण्याबद्दल आभार मानले, आणि तेच मला आजही अधिक लागते. त्या दिवसापासून मी अंदाजावर विश्वास ठेवत नाही.

मोजणीची पद्धत सोपी आहे. सर्व क्रमांक छापलेला कागद पुठ्ठ्यावर लावावा आणि सायकल समोरून गेली की त्या क्रमांकावर काट मारावी. पाच-सहा जण एकदम आले तर जोडीदाराने क्रमांक मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने लिहावेत. ज्याचा क्रमांक दिसला नाही त्याच्या कपड्यांचा रंग आणि वेळ लिहून ठेवावी. कोणी फेरी अर्ध्यावर सोडली तर तेही लगेच गटप्रमुखाला कळवून नोंदवावे, कारण न नोंदवलेला माणूस हरवलेल्यात जमा होतो आणि त्याच्या शोधात चार माणसे फिरत राहतात. सर्वांच्या मागून येणाऱ्या गाडीतील व्यक्तीने आपल्या कागदावर सही केल्याखेरीज जागा सोडायची नाही, मग यादी पूर्ण झालेली असो वा नसो. वही पूर्ण भरल्याशिवाय गाव सोडायचे नाही, या नियमानेच बार्शीच्या नोंदणीतील माणसे वर्षानुवर्षे फिरली असतील, असे मला फाट्यावर उभे असताना नेहमी वाटते.

पाणी, पंक्चर आणि पडणे

पाण्याचा हिशेब असा करावा की सायकलस्वाराला ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. पहिल्या २० किलोमीटरनंतरच्या थांब्यावर १०० जण येणार असतील तर २० लिटरचे चार जार लागतात आणि एक जास्तीचा ठेवावा. कागदी पेले टाळून थेट त्यांच्या बाटल्या भराव्यात. कचरा होत नाही आणि वेळही वाचतो. ओआरएसचे एक मोठे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यातच मिसळावे. ‘थोडे कडक’ करण्याच्या हौसेने पाणी कमी घातले तर ते अपायकारक ठरते. पाकिटे संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. खाण्यासाठी अर्धी कापलेली केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि खारे दाणे पुरेसे होतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मुक्कामावरच बरी, कारण वाटेत तिखट खाऊन पाणी ढोसलेला माणूस पुढच्या चढावर कासावीस होतो. केळ्याच्या साली पोत्यात गोळा करून द्याव्यात. गावात त्या खाणारी जनावरे असतातच.

आपल्या रस्त्यांवर पंक्चर होते ते बहुधा बाभळीच्या काट्याने. घाईत नवी ट्यूब घातली आणि काटा टायरमध्येच राहिला तर शंभर मीटरवर पुन्हा तेच होते. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून हात फिरवण्याचा मोह होतो, पण त्याने बोट फाटते. त्याऐवजी जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा आतून सावकाश फिरवावा. जेथे काट्याचे टोक असेल तेथे टॉवेलचा एखादा धागा अडकतो आणि हाताला किंचित ओढ जाणवते. तेथेच टायर उलटा करून पकडीने काटा बाहेरच्या बाजूने काढावा. पंपाला जाड आणि बारीक अशा दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हची सोय आहे ना, हे घरूनच पाहून घ्यावे. ब्रेक किंवा गिअरची दुरुस्ती येत नसेल तर हात लावू नये. सायकल गाडीत चढवून मेकॅनिककडे पाठवावी.

कोणी पडले तर प्रथम आपण आणि मागून येणारे सुरक्षित आहोत का ते पाहावे, एका माणसाला ५० मीटर मागे उभे करावे आणि मग जखमीजवळ जावे. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर त्याला उठवून बसवू नये, ओढून सावलीत नेऊ नये, तोंडात पाणी घालू नये. डोके हलणार नाही असे धरून १०८ ला फोन करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा. ‘काही नाही, निघतो’ असे म्हणणारा माणूस त्याच त्या प्रश्नाचे उत्तर दोनदा वेगळे देत असेल, ओकत असेल किंवा झोपाळल्यासारखा वाटत असेल तर त्याला पुन्हा सायकलवर बसू देऊ नये, मग तो कितीही चिडो. उन्हात बडबडणारा, अंग तापलेला माणूस सावलीत नेऊन ओल्या टॉवेलने भिजवत राहावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे भिजवणे थांबवू नये. मदत केली तर पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १३४अ नुसार अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

लोक विचारतात तेव्हा

पाण्याच्या टेबलाजवळ गावातील माणसे जमतात आणि ‘हे कशासाठी चाललंय?’ असे विचारतात. त्यांना दोन-तीन वाक्यांत उत्तर देता यावे : कर्करोग लवकर कसा ओळखावा आणि बरा कसा करावा याच्या अभ्यासासाठी पैसे जमवत आहोत, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम किंवा पांढरा चट्टा, स्तनातील गाठ, पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवावे. याच्या पुढे जाऊन औषध किंवा निदान सांगू नये. सोलापुरात घराघरांत बायका विड्या वळून संसार चालवतात. त्यामुळे तंबाखूबद्दल बोलताना समोरच्या माऊलीच्या पोटावर बोट ठेवल्यासारखे होणार नाही, याची काळजी घ्यावी. तोंडात मावा असलेल्या तरुणाला सर्वांदेखत झापण्याने तर काहीच साधत नाही. तो पुढच्या वेळी टेबलाजवळ येत नाही, एवढेच होते.

कोणी पैसे देऊ केले तर पावतीशिवाय एक रुपयाही घेऊ नये. रोख २,००० रुपयांहून अधिक दिल्यास आयकरातील सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगावे. क्यूआर कोड वापरत असाल तर दिवसातून दोन-तीनदा आपल्याच फोनने तो स्कॅन करून खातेदार म्हणून संस्थेचेच नाव येते का ते पाहावे, कारण मूळ कोडवर दुसरा चिकटवण्याचे प्रकार घडतात.

बार्शीत पोहोचल्यावर

निघताना हलगी आणि लेझीम असली तर बिघडत नाही. रुग्णालयाच्या जवळ आल्यावर मात्र वाद्ये, घोषणा आणि हॉर्न बंद झाले पाहिजेत, आणि हे सांगण्यासाठी अर्धा किलोमीटर अलीकडे एक स्वयंसेवक खास उभा करावा. ज्याला सर्दी, खोकला किंवा ताप आहे त्याने रुग्णांजवळ जाऊ नये. केमोथेरपी चालू असलेल्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते आणि आपले साधे पडसे त्यांना अंथरुणाला खिळवू शकते. याच कारणाने फुले आणि कापलेली फळे परस्पर हातात देऊ नयेत. जे द्यायचे ते परिचारिकांना विचारून द्यावे. रुग्णाचा फोटो त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय काढू नये. ‘कितव्या स्टेजचा आहे?’ हा प्रश्न आणि ‘बिच्चारे’ हा उद्गार, दोन्ही टाळावेत. कोणी स्वतःहून बोलू लागले तर ऐकावे, आणि आपल्या ओळखीतल्या कोणाचे काय झाले याच्या कथा सांगू नयेत. माझ्या मावशीला सर्वांत जास्त थकवा त्या कथांचा यायचा.

शेवटच्या गाडीतून उतरलेल्या माणसाकडे सर्व फाट्यांचे कागद आलेले असतात. निघालेले, पोहोचलेले आणि वाटेत सोडलेले, या तिन्ही आकड्यांची बेरीज जुळेपर्यंत कोणीही घरी जाऊ नये. एखादा क्रमांक जुळत नसेल तर त्या व्यक्तीला फोन लावावा. फोन उचलला नाही तर नोंदणी अर्जात दिलेल्या नातेवाइकाला लावावा. त्यानंतर पावतीपुस्तके मोजावीत, कोऱ्या पावत्यांसह, आणि रक्कम दोघांच्या सह्यांनिशी संस्थेच्या प्रतिनिधीकडे द्यावी. जाकीट, शिट्टी आणि पंप परत करताना कोणता जार गळत होता, कोणत्या फाट्यावर पाटी हवी होती आणि कोठे ट्रॅक्टरमुळे जीव मुठीत धरावा लागला, हे त्याच संध्याकाळी कागदावर उतरवून द्यावे. आठवड्याने यातले निम्मे आठवत नाही. पंधरा-वीस दिवसांनी आयोजकांकडून निधीच्या भरण्याची प्रत मागून घ्यावी आणि ज्या गावात पाण्याचे टेबल लावले होते, तेथील ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती लावून यावी.